लंडनला शिकायला गेलास की फिरायला?



शिष्यवृत्तीवर परदेशात गेलेल्या आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने टॉवर ब्रिजसमोरचा फोटो टाकला की त्याखाली एक प्रश्न हमखास येतो. "शिकायला गेलास की फिरायला?" हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे लोक असतात. पहिल्यांना आपल्या शिष्यवृत्तीत कायम 'आमच्या टॅक्सचा पैसा' दिसतो. त्यांच्याविषयी फार बोलण्यासारखे काही नाही. दुसरे मात्र आपलेच असतात. वस्तीतला एखादा काका, चळवळीतला एखादा जुना कार्यकर्ता. हे लोक हातात थेट बाबासाहेब घेऊन येतात. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, उपाशी राहायचे. आणि तुम्ही लेको, पुलावर उभे राहून फोटो काढता?"

पोरगा गप्प होतो, फोटो काढून टाकतो. पुढच्या वेळी तो शहर पाहतो, पण चोरून पाहतो.

ही चोरी आम्हाला मान्य नाही. जगातले मोठे शहर डोळे भरून पाहणे हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि आपल्या विद्यार्थ्याने त्याबद्दल कुणाची माफी मागण्याचे कारण नाही. याला आधार आम्ही बाबासाहेबांच्याच आयुष्यातला देतो, कारण उगारलेली काठी त्यांच्याच नावाची आहे.

आम्ही हे पिशोरहून लिहितो आहोत. कन्नड तालुक्यातले हे गाव. आपल्या वस्तीतला माणूस इथून बाहेर पडतो तो कामासाठी. कन्नडला कचेरीत, संभाजीनगरला घाटी दवाखान्यात, नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला. २०२५ च्या मार्चमध्ये इथल्याच घाटात उसाने भरलेला ट्रक उलटला आणि वर बसलेल्या मजुरांपैकी काहींनी जीव गमावला. आपल्या लोकांचा प्रवास बहुतेक वेळा असा उसाच्या मोळ्यांवर बसून होतो. नुसते पाहण्यासाठी घराबाहेर पडायचे, ही गोष्ट आपल्या घरांत बोललीच जात नाही. वेरूळची लेणी इथून दीड-दोन तासांवर, आणि आमच्या ओळखीत अशी म्हातारी माणसे आहेत ज्यांनी ती कधी पाहिली नाहीत. पितळखोरा तर आमच्याच तालुक्यात आहे. इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी! तिथेही तीच गत. पैसा नव्हता हे खरेच, पण तेवढेच कारण नाही. पाहायला जाणे हे आपले काम नाही, असे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले.

आता वेरूळचाच एक प्रसंग सांगतो. तुम्ही तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये वाचला असेल. वाचला असला तरी या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा वाचा.

साल १९३४. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे इच्छा व्यक्त केली की आपण मिळून स्थळे पाहायला जाऊ. बाबासाहेब हो म्हणाले. नीट लक्षात घ्या, ही परिषद नव्हती, सत्याग्रह नव्हता, सभा नव्हती. ही सहल होती. महाडचे पाणी होऊन सात वर्षे झाली होती, काळाराम मंदिराचा लढा १९३० पासून सुरू होता, पुणे करार मागे पडला होता. कामाचा डोंगर समोर होता. तरीही त्यांनी "आधी काम करा, फिरणे नंतर" असे म्हटले नाही. नाशिकला सगळे जमले, बस आणि मोटारी भाड्याने घेतल्या, तीसेक माणसे येवल्यामार्गे निघाली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, आणि वाटेत दौलताबादचा किल्ला.

आपल्या जाण्याची बातमी त्यांनी मुद्दाम फुटू दिली नव्हती. अस्पृश्य माणूस पर्यटक म्हणून निघाला तर गावोगाव काय सोसावे लागते हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून फक्त मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या माणसांना कळवले होते. दौलताबादला लोक वेशीवर वाट पाहत उभे होते, "आधी चहा घ्या" म्हणत होते. चहाची सगळ्यांनाच तलफ आली होती. पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहायचा होता, म्हणून ते चहा न घेता तसेच पुढे गेले. आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो. किल्ला नीट पाहायला मिळावा म्हणून ज्या माणसाने चहा बाजूला ठेवला, त्याच्या नावाने आपण पोरांना सांगतो की पाहणे ही चैन आहे.

पुढचे सर्वांना माहीत आहे. किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेले तळे होते. धुळीने माखलेल्या काही जणांनी त्या पाण्याने हातपाय धुतले. आत जाण्याची परवानगी विचारत असतानाच एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की या लोकांनी तळे बाटवले. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या, तिथल्या आपल्या माणसांनाही धमकावले गेले. महिना रमजानचा होता. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या हाच माणूस मुसलमान झाला तर त्याला या तळ्याचे पाणी घेऊ द्याल का. त्यावर जमावाकडे उत्तर नव्हते. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ती अट पाळली जाते का हे पाहायला सोबत एक हत्यारी शिपाई दिला गेला.

कोलंबियाचा पीएच.डी., लंडनचा डी.एससी., बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस. आणि त्याच्या सहलीवर बंदुकीचा पहारा! (हा प्रसंग फक्त मुसलमानांविरुद्ध वापरायला काही लोक टपलेले असतात. त्यांनी त्याच पुस्तकातला मसूर स्टेशनवरचा लहानपणीचा प्रसंग आणि चाळीसगावच्या टांग्याचा प्रसंगही वाचावा. बाबासाहेब सांगतात ते एवढेच की हिंदूंनी ज्याला अस्पृश्य केले तो बाकीच्यांच्या नजरेतही अस्पृश्यच ठरतो.)

म्हणजे आपल्या माणसाने एखादी वास्तू पाहायला जाणे ही इथे कधीच साधी गोष्ट नव्हती. काळाराम मंदिराबाहेर वर्षानुवर्षे लोक उभे राहिले, तो झगडाही आत पाऊल टाकण्याचा आणि आतले पाहण्याचाच होता. जे सगळ्यांसाठी उघडे आहे ते आपल्यालाही उघडे असले पाहिजे, ही मागणी पाण्यापासून किल्ल्यापर्यंत एकच आहे. त्या १९३४ च्या सहलीनंतर वर्षभरात येवल्याची घोषणा झाली आणि बावीस वर्षांनी नागपूरला दीक्षा. वेरूळच्या लेण्यांपासून दीक्षाभूमीपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह आम्हाला होतो, पण तो टाळतो. इतिहास इतका सरळ नसतो. मात्र तीस कार्यकर्त्यांनी आपल्या नेत्यासोबत बुद्धाची लेणी पाहिली, याला काहीच अर्थ नव्हता असे कुणी म्हणू नये.

आता लंडनकडे वळू. काकांचा खरा आक्षेप तिथलाच आहे.

बाबासाहेब लंडनमध्ये उपाशी राहिले हे खरे. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कहून तिथे गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे नाव घातले, आणि वर्षभरातच बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून परतले. त्यांची पुस्तके ज्या बोटीत होती ती 'साल्सेट' बोट जुलै १९१७ मध्ये पाणतीराने बुडाली. परत जायला त्यांना १९२० साल उजाडले. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले. दुसऱ्या मुक्कामात सकाळी पावाचा तुकडा, रात्री बोव्हरिलचा पेला आणि भाजलेले पापड, मधला सगळा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. दुपारचे जेवण नाहीच. इकडे मुंबईत रमाई कसाबसा संसार ओढत होत्या.

पण ही उपासमार त्यांनी आवडीने निवडली होती का? शिष्यवृत्ती अपुरी होती आणि मध्येच तुटली, म्हणून ते उपाशी राहिले. त्यांच्या जिद्दीला आम्ही वंदन करतो. पण त्या उपासाला आदर्श बनवून पुढच्या पिढीच्या ताटात वाढायचे, हे आम्हाला पटत नाही. असे केले की सगळ्यात जास्त आनंद सरकारला होतो. उपाशी राहणे हेच मोठेपण ठरले तर भत्ता वाढवायची गरज कुणाला?

आकडेच पाहा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पाउंड ठरवला आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही त्याच मापाने चालत आली आहे. महिन्याला हे ८२५ पाउंड होतात. आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारचाच नियम असा होता की लंडनमध्ये शिकायचे तर विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला १,४८३ पाउंड खर्चाची तयारी दाखवा. म्हणजे ज्या रकमेखाली लंडनमध्ये विद्यार्थी राहू शकत नाही असे तिथले सरकार म्हणते, तिच्या निम्म्याहून थोडे जास्त आपले सरकार देते. उरलेले कुठून आणायचे? पिशोरच्या शेतमजुराचे लेकरू ते कुठून आणणार? तो फोटोत हसतो आहे म्हणून मजेत आहे, असे समजू नका. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही. टॉवर ब्रिजवर चालायला पैसे पडत नाहीत. लंडनमध्ये जे फुकट आहे तेच तो पाहतो आहे.

याच शहरात महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर विकत घेतले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. तीस लाख पाउंडांहून अधिक रक्कम मोजली गेली, १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. पुढे शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, कॅम्डेनच्या नगरपालिकेने वस्तुसंग्रहालयाला परवानगी नाकारली, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. घर वाचले याचा आम्हाला आनंदच आहे. ते विक्रीला निघाले तेव्हा त्यासाठी धडपडणाऱ्या तिथल्या आंबेडकरी संघटनांचे ते श्रेय आहे. पण बाबासाहेबांच्या खोलीची देखभाल होते, आणि त्याच शहरात त्यांच्याच वाटेने शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला खोलीचे भाडे परवडत नाही. त्या घराला भेट देणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला हे विचारले गेले पाहिजे.

भत्त्याच्या पलीकडची गोष्ट आणखी वाईट आहे. २०२२ मध्ये केंद्राने परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत एक ओळ घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय घेणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही. ही ओळ कुणासाठी आहे, हे सांगायला नको. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला होता. जातीची घडण आणि उगम हा त्याचा विषय. आजच्या नियमाने तो विद्यार्थी हाच विषय घेऊन अर्ज करता तर अपात्र ठरला असता. आणि जे पात्र ठरतात त्यांचे काय? जुलै २०२५ मध्ये निवड झाली १०६ जणांची, पहिल्या टप्प्यात पत्रे मिळाली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना कळवले गेले की निधी उपलब्ध झाला तर देऊ. विद्यापीठाचा प्रवेश हातात, आणि सरकार 'झाला तर' म्हणते!

काकांना आमची विनंती आहे की राग काढायचा असेल तर इथे काढा. पोराच्या फोटोवर नको.

आणखी एक गंमत बघा. सवर्ण घरातला मुलगा युरोप फिरून आला की त्याला 'एक्स्पोजर' मिळाले म्हणतात. त्याच्या बायोडाटात ती ओळ शोभून दिसते. आपला मुलगा तेच करतो तेव्हा ती उधळपट्टी होते. गोष्ट एकच, फक्त आडनाव बदलले की शब्द बदलतो. आपल्यातलेही काही जण हाच शब्दकोश उचलून वापरतात याचे आम्हाला जास्त दुःख आहे.

तर पोरांनो, पोरींनो, पाहा. मात्र काय पाहायचे ते पर्यटन कंपनीच्या यादीवर सोडू नका.

लंडनला असाल तर ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. आंध्रातल्या एका भव्य बौद्ध स्तूपाचे संगमरवरासारखे दिसणारे दगड, शंभराहून अधिक. त्यांच्यासमोर उभे राहून दोन्ही प्रश्न विचारा. हे इथे कसे आले? आणि ते नेले जाण्याआधी आपल्याच देशात त्या स्तूपाची काय अवस्था होती, तो कुणी मोडला, त्याचे दगड कुणी बांधकामाला नेले? पहिला प्रश्न विचारणे सोपे आहे, कारण त्यात शिवी इंग्रजाला बसते. दुसरा विचारला की घरात भांडण लागते. आंबेडकरी विद्यार्थ्याने दोन्ही विचारले पाहिजेत. मग त्याच इमारतीतल्या गोल वाचनालयाकडे जा, जिथे बाबासाहेब बसत. पुस्तके तिथून नव्वदच्या दशकातच ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत हलली, आणि इंडिया ऑफिसची दप्तरेही आता तिथेच आहेत. महार पलटणीच्या, जुन्या जनगणनांच्या नोंदी धुंडाळायच्या असतील तर तिथे जा. वाचक म्हणून नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

आणि आपल्या जिल्ह्यातले असाल तर आणखी एक जागा. अजिंठा इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडला १८१९ मध्ये. नंतर रॉबर्ट गिल नावाचा लष्करी माणूस वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून भिंतींवरची चित्रे कॅनव्हासवर उतरवत राहिला. त्याची चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, १८६६ च्या आगीत ती जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. पिशोरच्या पोरीने लंडनमध्ये उभे राहून आपल्या घरापासून काही तासांवर असलेल्या लेण्यांची गोष्ट ऐकावी, आणि तिच्या आजीने ती लेणी कधी पाहिलेली नसावीत. यातून तिला जे कळेल ते कुठल्याही वर्गात शिकवले जात नाही.

नुसत्या सेल्फीवर थांबणाऱ्यांची आम्ही बाजू घेत नाही. काही जण तिथे गेल्यावर आपले आडनावही लपवतात, वस्तीचा विषय निघाला की उठून जातात. त्यांच्याविषयी आमची तक्रार आहेच. पण ती फिरण्याविषयीची नाही. तो माणूस पिशोरमध्ये राहिला असता तरी तसाच वागला असता. समाजाचे देणे फेडायचे ते अपराधी वाटून फेडता येत नाही, आणि दर रविवारी खोलीत कोंडून घेऊन तर अजिबात नाही.

देणे फेडायचे एक काम आम्ही सुचवतो. सुट्टीत आलात की एक दिवस गावातल्या बुद्धविहारात किंवा शाळेत या. लंडन कसे दिसते ते सांगा, थेम्सचे पाणी कसे गढूळ आहे तेही सांगा, पोरे हसतील. पण त्याच बैठकीत शिष्यवृत्तीचा अर्ज दाखवा. आठ लाखांच्या उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये किती दिवस अडकला, विद्यापीठाला पाठवलेले पत्र कसे लिहिले, शिफारस कुणाकडून घेतली, व्हिसाची फी कुणी भरली, पहिल्या महिन्याचा भत्ता येईपर्यंत कुणाकडून उसने घेतले, सगळे. राज्याच्या योजनेत जागा ७५, त्या साऱ्या महाराष्ट्रासाठी. त्यात आपल्या तालुक्यातून एकही अर्ज जात नसेल तर सरकारला दोष द्यायला तरी तोंड कुठे राहते? फोटो दाखवायला लाजू नका. दहावीतली एखादी मुलगी तो पूल पाहील आणि विचारेल की इथे जायला काय लागते. तेव्हा अर्जाची प्रत पिशवीत तयार असू द्या.